मार्क विसात अठरा, हात मात्र कोरडे

पत्र:

ताई, नमस्कार. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. जिल्ह्याच्या गावी शंभर खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, दिवाळीनंतर मला इन्फेक्शन कंट्रोल नर्स केलं. पुढच्या महिन्यात एनएबीएचची (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेची) टीम येतेय म्हणून सगळ्या सिस्टर्सची लेखी परीक्षा घेतली. बहुतेकींना विसात अठरा-एकोणीस. हात कधी स्वच्छ करायचे ते पाच प्रसंग पाठ, कचऱ्याचे रंग पाठ. मग वॉर्डात कोपऱ्यात उभी राहून मोजलं, तर शंभरदा हात स्वच्छ व्हायला हवे होते तिथे चाळीसदा झाले. मेट्रन म्हणतात, फॉर्मवर ९२ टक्के लिही, सगळीकडे तेच लिहितात. एक सर्जन राऊंडला नुसत्या हातांनी ड्रेसिंग उचलून बघतात. मी हँडरब (हात चोळायचं सॅनिटायझर) पुढे केला तर म्हणाले, ‘सिस्टर, आता तुम्ही मला शिकवणार?’ मैत्रिणी म्हणतात, खुर्ची मिळाली आणि ही बदलली. नाईटला चाळीस पेशंटला दोघी असतात, त्यांना मी कोणत्या तोंडाने बोलू? स्टोअरमधून सगळ्या हॉस्पिटलला महिन्याला हँडरबच्या अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या निघतात. आणि आणखी एक. एका नव्या सिस्टरला दोन आठवड्यांपूर्वी नाईटला सुई टोचली. कोणाला सांगू नका म्हणून मला एकटीलाच सांगितलं. काय करू?

– एक सिस्टर, मराठवाडा

उत्तर:

सिस्टर,

‘आणखी एक’ म्हणून तू जे शेवटी टाकलंस ते आधी घेते. बाकीचं आठवडाभर थांबेल.

सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीची पीईपीची औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम. ७२ तास उलटल्यावर ती सुरू करत नाहीत, तेव्हा ती वेळ गेली. पण त्या मुलीला आधी हे सांग की एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. त्या पेशंटला एचआयव्ही होता की नाही हे तर अजून कोणी बघितलेलंही नाही. खरी काळजी करायची ती हिपॅटायटिस बीची. लस न घेतलेल्या माणसाला बी-पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर लागण शंभरात सहापासून तीसपर्यंत जाऊ शकते. म्हणून तिला पहिला प्रश्न विचार: तिन्ही डोस झालेत का? कॉलेजात दोन झाले, तिसऱ्याच्या वेळी परीक्षा होती, असं सांगणाऱ्या सिस्टर्स मी पुष्कळ बघितल्यात. तसं असेल तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते, राहिलेला डोस ताबडतोब घ्यायचा आणि एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लसीने रक्तात आलेली प्रतिकारशक्ती, तपासायचं. ते १० किंवा जास्त आलं की झालं.

शिवाय आताच्या आता तिच्या तीन तपासण्या: एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी). पुढे परत केव्हा करायच्या ते डॉक्टर ठरवतील. साधारण सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने असं असतं. सिव्हिलच्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही. तुमच्याच लॅबमध्ये रक्त द्यायची तिला लाज वाटत असेल तर तुझ्या वीकली ऑफला तिला तिकडे घेऊन जा. ज्या पेशंटची सुई होती त्याच्या केसपेपरवर आधीचे रिपोर्ट आहेत का बघ. नसतील तर त्याची संमती घेऊन तपासणी करायला डॉक्टरांना सांगावंच लागेल, त्यामुळे हे गुपित दोघींतच ठेवून भागणार नाही. आणि सगळे रिपोर्ट येईपर्यंत रक्तदान नको, लग्न झालेलं असेल तर कंडोम. हे तिला तूच सांग, दुसरं कोणी सांगायला जाणार नाही.

आता तिने लपवलं का, ते बघ. बहुतेक ठिकाणी सुई टोचल्याचं कळवलं की पहिला प्रश्न येतो, ‘वापरलेल्या सुईला कॅप कशाला लावत होतीस?’ हा प्रश्न एकदा ऐकला की पुढच्या दहा जणी गप्प बसतात. तुझ्या रजिस्टरमध्ये पहिला रकाना ‘किती वाजता टोचली’ हा ठेव. ‘कशी टोचली’ हा शेवटचा, आणि नाव वेगळ्या बंद पाकिटात. टोचल्याबरोबर काय करायचं तेही पानाच्या वरच छापून टाक: साबण आणि वाहतं पाणी. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, हायपो (ब्लीचचं पाणी) किंवा स्पिरिट ओतायचं नाही. टोचल्यावर माणूस घाबरलेला असतो, आठवून काही करत नाही, समोर लिहिलेलं वाचतो.

आणि ती कॅप लावत होती, हे मी पैजेवर सांगते. कॅप परत लावायची नाही हे तिला ठाऊक नव्हतं का? विसात अठरा मार्क आहेत ना तिला! पण सुई निघते चौदा नंबरच्या बेडवर आणि सुया टाकायचा पांढरा डबा असतो नर्सिंग स्टेशनवर. उघडी सुई हातात धरून अंधाऱ्या वॉर्डातून, खाली झोपलेल्या नातेवाइकांना ओलांडत ती कशी जाणार? म्हणून ती कॅप लावते. तो डबा ट्रॉलीवर चढला की अर्ध्या कॅपा आपोआप लागायच्या बंद होतील.

तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर मला यातच दिसतं. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत सिग्नलचे रंग सगळ्यांना येतात, चौकात काय होतं ते तू रोज बघतेस. तुमच्या सिस्टर्सना आणखी एक लेक्चर दिलंस तर अठराचे एकोणीस होतील आणि हात चाळीसदाच धुतले जातील. तू मोजायला हवं ते अंतर: बेडपासून बाटली किती पावलांवर आहे, बेसिन कुठे आहे, डबा कुठे आहे.

हिशेब करून बघू. शंभर खाटांपैकी रोज ऐंशी भरलेल्या धर, महिन्याचे २,४०० पेशंट-दिवस झाले. तुमच्या बारा बाटल्या म्हणजे ६ लिटर. एका वेळेला ३ मिली लागतं, म्हणजे महिन्याभरात २,००० वेळा हात चोळता येतात. सिस्टर्स, डॉक्टर, फिजिओ, एक्सरेवाले, मावशी, सगळे मिळून एका पेशंटमागे चोवीस तासांत एकदासुद्धा नाही! जागतिक आरोग्य संघटनेने धरलेला किमान वापर दर हजार पेशंट-दिवसांना २० लिटर आहे. त्या हिशेबाने तुम्हाला महिन्याला ४८ लिटर हवं, तुमच्या मापाच्या ९६ बाटल्या. आयसीयूचा वापर वेगळा काढलास तर चित्र आणखी स्पष्ट होईल. काही हात बेसिनवर धुतले जात असतील, मान्य. पण बारा बाटल्यांवर ९२ टक्के लिहिणं म्हणजे इन्स्पेक्टरच्या हातात आपणहून काठी देणं. त्याने स्टोअरचं इंडेंट बुक (मागणीची वही) मागितलं की संपलं.

आणि चाळीसची लाज वाटून घेऊ नकोस. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ साली दिदिए पिते आणि त्यांच्या टीमने असंच उभं राहून मोजलं, तेव्हा आकडा ४८ होता. स्वित्झर्लंडमध्ये, नळाला चोवीस तास पाणी असताना. त्यांच्या लक्षात आलं की काम जितकं जास्त तितके हात कमी वेळा धुतले जातात, आणि आयसीयूत बेसिनपर्यंत जाऊन-येऊन नियम पाळायचा म्हटलं तर नर्सला दुसऱ्या कामाला पुरेसा वेळच उरत नाही. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात, शिवाय चालणं आणि पुसणं. हँडरबला २० ते ३० सेकंद आणि एक पाऊलही नाही. त्यांनी बाटली बेडवर आणली, खिशात दिली, भिंतीवर पोस्टर लावली, आणि मोजलेले आकडे दर वेळी सगळ्यांना दाखवले. तीन वर्षांत ४८ चे ६६ झाले. त्याच काळात हॉस्पिटलात लागण झालेल्या पेशंटचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. जगातल्या नावाजलेल्या हॉस्पिटलने एवढं करून ६६ गाठले, तेव्हा तुमच्या मेट्रनबाईंचे ९२ कुठून आले ते त्यांनाच ठाऊक.

पण तू चाळीस हा एकच आकडा घेऊन मीटिंगला जाऊ नकोस, तो फोडून घेऊन जा. मला खात्री आहे की फोडल्यावर असं दिसेल: रक्त-लघवी हाताळल्यानंतरचे हात बऱ्यापैकी स्वच्छ होतात, पेशंटला हात लावायच्या आधीचे होत नाहीत. सगळ्या जगात हेच दिसतं. घाण लागली की माणूस स्वतःसाठी धुतोच, पेशंटसाठी आधी धुवायचे ते राहून जातात. त्यात ग्लोव्हजने घोळ केलाय. एकच जोडी घालून सहा नंबरची शुगर तपासायची, सातचं बीपी, आठची सलाईन बदलायची. कोविडनंतर हे फार वाढलं. सिस्टरला वाटतं आपण नियम पाळतोय, नातेवाइकांनाही बरं वाटतं, आणि सहा नंबरचे जंतू आठला पोचतात. ग्लोव्हज त्या क्षणी फक्त सिस्टरला वाचवतात. ग्लोव्हज काढल्यावरही हात चोळावे लागतात, कारण काढताना मनगटाला लागतंच.

सगळ्या सवयींवर एकदम धाड घालू नकोस. तुझ्या जागी मी असते तर बाटल्यांच्या जोडीला एकच गोष्ट धरली असती, ती म्हणजे एनएसची (सलाईनच्या मिठाच्या पाण्याची) बाटली. तुझ्या वॉर्डात आज सकाळी ती नक्की असेल: १०० मिलीची, बुचात एक सुई खोचलेली, वर कापसाचा बोळा, आणि दिवसभर जिला कॅन्युला (शिरेतली नळी) फ्लश करायचा, म्हणजे धुऊन मोकळा करायचा, ती त्यातूनच ओढते. उघडल्याची तारीख नाही, वेळ नाही. बुचातली ती सुई म्हणजे बाहेरच्या हवेला आणि हातांना आत जायचा उघडा रस्ता. एका पेशंटच्या कॅन्युलात गेलेली सिरिंज परत त्यात बुडली की सगळा वॉर्ड एका बाटलीवर आला. अशा सामायिक बाटल्यांतून रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या आणि काविळीच्या साथी हॉस्पिटलांत पसरल्याचं वैद्यकीय साहित्यात पुन्हा पुन्हा नोंदलेलं आहे. सिस्टर्सना ते कळत नाही असं नाही. पण स्टोअर लहान अँप्युल देत नाही, आणि दर फ्लशला नवी १०० मिली फोडली तर इन्चार्ज ओरडते. तेव्हा भांडण स्टोअरशी आहे. एनएसचे ५ किंवा १० मिलीचे प्लास्टिक अँप्युल मागव. इन्सुलिन-हेपॅरिनसारख्या मल्टिडोस व्हायलवर उघडल्याची तारीख लिहायला मार्कर ट्रॉलीला दोरीने बांध (न बांधलेला मार्कर दुपारपर्यंत रेसिडेंटच्या खिशात जातो). कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर उघडलेली व्हायल २८ दिवसांत टाकायची. बूच दर वेळी स्पिरिट स्वॅबने पुसायचं आणि वाळू द्यायचं. वाळायला वेळ दिला नाही तर पुसून उपयोग नाही.

बाटल्यांना स्टोअर म्हणेल, महाग आहेत, चोरीला जातात, नातेवाईक घेऊन जातात. जातातही. म्हणून बेडच्या पायथ्याशी कुलपाच्या स्टँडमध्ये लाव. खर्चाचंच म्हणत असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र उघड आहे आणि चांगला फार्मासिस्ट असेल तर परवानगीने हॉस्पिटलातच बनतं: १० लिटरसाठी ९९.८ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ७,५१५ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी, आणि वापरण्याआधी ७२ तास ठेवायचं. ते पेट घेतं, तेव्हा साठा कुठे ठेवायचा ते आधी ठरवा. हात डोळ्यांना घाण दिसत असतील, किंवा जुलाबाचा पेशंट हाताळला असेल, तर मात्र हँडरब चालत नाही, साबण-पाणीच. म्हणून बेसिनकडेही बघ. साबणाची वडी पाण्यात विरघळत पडलेली आणि खिळ्याला एकच नॅपकिन असेल तर तिथे धुतलेले हात धुतले म्हणता येत नाहीत.

हात फुटतात म्हणून काही जणी टाळतात आणि बोलत नाहीत. साबणाने धुऊन लगेच हँडरब लावला की जास्त भगभगतं. दोन्ही एकापाठोपाठ करायची गरज नसते, हे कोणी सांगितलेलंच नसतं. ड्युटी संपल्यावर लावायला क्रीम ठेव.

बांगड्यांचा विषय नाजूक आहे. कोपरापासून खाली काही नको हा नियम बरोबरच आहे, अंगठीखाली आणि बांगडीखाली हँडरब पोचत नाही. पण नुकतं लग्न झालेल्या मुलीला हिरवा चुडा उतरव म्हणून चारचौघांत सांगितलंस तर ती तुझी वैरीण होईल, आणि तिची सासूही. तिला बाजूला घे. ड्युटीपुरता काढून लॉकरमध्ये ठेवायचा, घरी जाताना घालायचा. काही जणी एवढ्यासाठी चुडा मोठ्या मापाचा भरतात, ते मला शहाणपणाचं वाटतं. मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत राहिलं तर त्याच्यावर वाद घालू नकोस.

आता सर्जनसाहेब. ‘तुम्ही मला शिकवणार?’ हे वाक्य फार जुनं आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक डॉक्टरांचा, एक सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात बायका कितीतरी जास्त मरायच्या, कारण डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतपण करायला यायचे. झेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. तरी थोरामोठ्यांना पटलं नाही. आकडे खरे होते, पाठीशी त्यांचे वरिष्ठ नव्हते.

त्याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं. तिथल्या शंभराहून जास्त आयसीयूंत पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालण्यासाठी पाच ओळींची यादी आणली: हात धुवा, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसा, पूर्ण ड्रेप-गाऊन घाला, जांघेतली जागा टाळा, नको असलेली लाइन काढा. यातलं एकही वाक्य डॉक्टरांना नवं नव्हतं. नवं होतं ते एवढंच की इमर्जन्सी नसेल तर एखादी पायरी गाळणाऱ्या डॉक्टरला नर्सने थांबवायचं, आणि प्रशासन नर्सच्या बाजूने उभं राहील असं आधी ठरलेलं होतं. २००६ साली निकाल छापून आले. अठरा महिन्यांत लाइनमधून होणारे रक्तसंसर्ग दोन तृतीयांशाने कमी झाले होते.

तेव्हा त्या सर्जनशी तू एकटी भांडू नकोस. हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीकडून एक ओळ लिहून घे, मेडिकल डायरेक्टरच्या सहीने: ‘राऊंडला सोबत असलेल्या सिस्टरने हँडरब पुढे करावा आणि कोणीही असो, थांबवावं.’ कमिटीत मायक्रोबायोलॉजिस्ट असतात, ते बहुतेक वेळा एकटे पडलेले असतात, ते तुझे होतील. आणि राऊंडला जो सर्वांत सीनियर आणि त्यातल्या त्यात भला असेल त्याला आधी गाठ. त्याने हात चोळले की मागचे रेसिडेंट न सांगता चोळतात, हे मी वर्षानुवर्षं बघितलंय. तुमच्या सर्जनना नोटीस दाखवायची वेळही येणार नाही कदाचित. ड्रेसिंग ट्रॉलीच्या वरच्या ट्रेवर बाटली आणि ग्लोव्हज आधी ठेव. ट्रॉली त्यांच्या आणि बेडच्या मधे उभी कर. शब्द न बोलता बरंच होतं.

मैत्रिणींचं म्हणशील तर तू कोपऱ्यात पॅड घेऊन उभी राहतेस, हेच त्यांना खुपतंय. फॉर्मवर नावं लिहू नकोस, फक्त सिस्टर, डॉक्टर, मावशी, मामा (वॉर्डबॉय) एवढंच. आणि त्या फॉर्मवर एक रकाना वाढव: त्या शिफ्टला किती पेशंट आणि किती सिस्टर्स. चाळीसला दोघी हे तू नुसतं तोंडी सांगितलंस तर गाऱ्हाणं होतं. हात धुण्याच्या आकड्याशेजारी दर महिन्याला छापून आलं की तो पुरावा होतो, आणि मैत्रिणींना कळतं की तू त्यांची बाजूही लिहितेस. एखाद्या नाईटला स्वतः तिसरी म्हणून उभी राहा, मग बोल.

मावशींना विसरू नकोस. त्यांची लेखी परीक्षा कोणी घेतली नसणार. २०१६ च्या नियमांप्रमाणे कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांत वेगळा होतो, पण पिवळ्या पिशवीत चुकून पडलेली सुई पहिल्यांदा टोचते ती पिशवी उचलणाऱ्या मावशीला. कंत्राटदाराने त्यांना लस दिली आहे का ते विचार. उत्तर बहुतेक ‘बघतो’ असं येईल.

राहिला फॉर्म. जो आकडा मोजलास तोच लिही. खाली लिही: बाटल्या इतक्या मागवल्या, डबे ट्रॉलीवर आणले, पुन्हा मोजणी अमुक तारखेला. एनएबीएचवाल्यांना चाळीसवरून पुढे चाललेलं हॉस्पिटल चालतं. ते सिस्टरला थांबवून हात चोळून दाखवायला सांगतात, वॉर्डात उभे राहून बघतात, त्यांना ९२ दिसणार नाहीत. मेट्रनबाईंना हेच सांग, त्यांच्याच काळजीपोटी म्हणून. बाई वाईट नसतील, वरून त्यांच्यावरही दडपण असेल. तरीही आकडा बदल म्हणाल्या तर तो त्यांनी लिहावा आणि त्यांनीच सही करावी. तुझ्या मूळ नोंदींच्या तारखेसह प्रती काढून ठेव. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तुझ्या नावावर आहे, हॉस्पिटलच्या नाही.